हिस्सा ज्याचा त्याला

घरातला कर्ता माणूस जातो. दफनविधी होतो, पाहुणे येऊन जातात, चाळिसावा होतो. मग एखाद्या संध्याकाळी इतके दिवस कोणीच न काढलेला विषय घरात निघतो. जमीन किती, दुकान कोणी चालवायचे, धाकट्याने वडिलांकडून नेलेले पैसे परत केले होते की नाही, थोरलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क संपला का? रमजानमध्ये एका दस्तरखानावर रोजा सोडणारी भावंडे या प्रश्नांवरून वर्षानुवर्षे अबोला धरतात, असे कितीतरी घरांत दिसते.

वास्तविक या वाटणीचे नियम ठरलेले आहेत. आधी मयताचे कर्ज फेडायचे, मग वसीयत पूर्ण करायची, आणि वसीयत एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ द्यायची नाही. उरलेल्या मिळकतीत वारसांचे हिस्से कुरआनातील सूरह निसाने सांगितले आहेत. मयताला मुलेबाळे असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, पतीला चौथा, आईवडिलांना प्रत्येकी सहावा. आणि मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. यातला एकेक नियम समजायला सोपा आहे. अडचण येते ती हे सगळे नियम एकाच घरात एकदम लागू होतात तेव्हा.

जकातीचा हिशोब त्या मानाने सरळ असतो. संपत्ती निसाबाइतकी झाली की तिचा चाळिसावा भाग, म्हणजे शंभरामागे अडीच. संपत्ती दुप्पट झाली की जकात दुप्पट. वारसाहक्कात मात्र कधी कधी असा पेच पडतो की एका माणसाचा हिस्सा कळल्याशिवाय एकूण मिळकत कळत नाही, आणि एकूण मिळकत कळल्याशिवाय त्याचा हिस्सा कळत नाही. हा पेच शांतपणे, पायरीपायरीने सोडवायला ज्यांनी शिकवले त्यांचे नाव मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी. बीजगणिताचे जनक म्हणून सारे जग त्यांना ओळखते. त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा जवळपास अर्धा भाग वसीयत आणि वारसांच्या वाटणीने व्यापला आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते.

ख्वारिज्मी यांचा जन्म इ.स. ७८० च्या सुमाराचा मानला जातो. नावावरून त्यांचे मूळ ख्वारिज्म प्रदेशातले दिसते. अमू दर्या नदी अरल समुद्राला जिथे मिळत असे, तिथला हा सुपीक पट्टा. आज तो उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान या दोन देशांत विभागला आहे. त्यांच्या बालपणाची, शिक्षणाची, घरच्या माणसांची नोंद जुन्या चरित्रकोशांनी ठेवलेली नाही. त्यांचे नाव ठळकपणे पुढे येते ते बगदादमध्ये, खलिफा मामून यांच्या दरबारातले विद्वान म्हणून.

हे बगदाद एका वाटणीच्या भांडणात होरपळून निघालेले शहर होते. मामून यांचे वडील खलिफा हारून अल-रशीद यांनी आपल्या मागे मुलांमध्ये तंटा होऊ नये म्हणून हयातीतच व्यवस्था लावली होती. इ.स. ८०२ मध्ये ते हजला गेले, तेव्हा अमीन आणि मामून ही दोन्ही मुले सोबत होती. आधी अमीन खलिफा होतील, त्यांच्यानंतर मामून, आणि तोवर खुरासानचा कारभार मामून यांच्याकडे राहील, असे करारनामे लिहून काबागृहात टांगण्यात आले. याहून पवित्र जागा आणि याहून मोठे साक्षीदार कुठून आणायचे? तरीही हारून यांचे निधन झाले आणि दोन वर्षांतच भावाभावांत युद्ध पेटले. मामून यांच्या फौजांनी बगदादला वर्षभराहून अधिक काळ वेढा घातला. मोहल्ले जळाले, बाजार ओस पडले. इ.स. ८१३ मध्ये अमीन मारले गेले. मामून खलिफा झाले, पण त्यांना बगदादमध्ये पाऊल ठेवायला ८१९ साल उजाडले.

भावाच्या रक्ताने मिळालेल्या या गादीवर बसलेले मामून ज्ञानाचे मोठे भोक्ते निघाले. ग्रीक, सुरयानी, फारसी आणि संस्कृत परंपरेतील विद्या अरबीत आणण्याचे जे काम आधीच सुरू झाले होते, त्याला त्यांनी मोठे बळ दिले. बैतुल हिकमा या त्यांच्या ग्रंथालयाशी जोडलेल्या विद्वानांत ख्वारिज्मी होते. याच मामून यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी एक छोटेखानी ग्रंथ लिहिला: अल-किताब अल-मुख्तसर फी हिसाब अल-जब्र वल-मुकाबला. त्याचा काळ ८१३ ते ८३३ या मामून यांच्या कारकिर्दीतला.

या नावातले किती शब्द मराठी माणसाच्या ओळखीचे आहेत पाहा. किताब, हिसाब, मुकाबला.  मराठीत मुकाबला या शब्दाला झुंज असा अर्थ चिकटला. अरबीत जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा सांधणे. हाड बसवण्यालाही हाच शब्द. पुढे स्पेनमध्ये हाडवैद्याला अल्जेब्रिस्ता म्हणत, ते यावरूनच. आणि मुकाबला म्हणजे दोन गोष्टी समोरासमोर ठेवून ताडून पाहणे.

ग्रंथ कशासाठी लिहिला हे ख्वारिज्मी प्रस्तावनेतच सांगतात. वारसा, वसीयत, वाटणी, दावे आणि व्यापार यांत लोकांना सतत लागणारा, तसेच जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई करताना उपयोगी पडणारा सोपा हिशोब त्यांना द्यायचा होता. म्हणजे त्यांच्यासमोर काझी होते, व्यापारी होते, मोजणीदार होते. मजुरीचा त्यांचा एक हिशोब असा आहे: कामगाराला महिन्याला १० दिरहम मिळतात, तर ६ दिवसांचे किती? ६ दिवस म्हणजे महिन्याचा पाचवा भाग, म्हणून २ दिरहम. हे तर आपल्या शाळेतले त्रैराशिक.

ग्रंथात एकही चिन्ह नाही. बेरीज, वजाबाकी, बरोबर, सगळे शब्दांत. जी संख्या माहीत नाही तिला ते शय म्हणतात, म्हणजे एखादी वस्तू. तिच्या वर्गाला म्हणतात माल, म्हणजे संपत्ती. त्यांचे एक उदाहरण पाहू. १० चे असे दोन भाग करा की एकाला दुसऱ्याने भागले तर उत्तर ४ यावे. आज दहावीचा विद्यार्थी इथे दोन चलांतील दोन रेषीय समीकरणे मांडेल: दोन्ही भागांची बेरीज १०, आणि मोठा भाग लहानाच्या चौपट. ख्वारिज्मी दोन अज्ञातांना एकाच अज्ञातावर आणतात. लहान भागाला शय म्हणा. मोठा भाग मग १० उणे शय. तोच शयच्या चौपट आहे. आता उणे पडलेली शय भरून काढा, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक शय मिळवा. हा झाला जब्र. एका बाजूला १० उरतात, दुसऱ्या बाजूला ५ शय. शय म्हणजे २, दुसरा भाग ८.

हे कोडे झाले. घराच्या उंबरठ्यावर हीच रीत कशी कामाला येते, ते वसीयतीच्या प्रकरणातील पहिल्या प्रश्नात दिसते.

एक माणूस मरण पावला. मागे दोन मुलगे. मिळकतीचा एक तृतीयांश भाग एका परक्या माणसाला द्यावा, अशी त्याची वसीयत. घरात रोख १० दिरहम आहेत आणि आणखी १० दिरहम एका मुलाकडून येणे आहेत. वाटणी कशी करायची?

कोणी म्हणेल, एकूण मिळकत २० दिरहम. मग परक्या माणसाला आणि दोन्ही मुलांना प्रत्येकी ६ पूर्णांक दोन तृतीयांश. पण कर्जदार मुलाला वगळून उरलेल्या दोघांना तेवढे रोख द्यायचे तर १३ दिरहमांहून जास्त लागतील, आणि घरात आहेत १०. दुसरा म्हणेल, कर्ज बाजूला ठेवा, हातात आहेत तेवढे १० दिरहमच वाटा. मग ज्याने बापाचे १० दिरहम वापरले तोच रोख रकमेतही बरोबरीचा हिस्सा घेऊन जाणार, आणि नुकसान होणार निमूट बसलेल्या भावाचे आणि त्या परक्या माणसाचे.

ख्वारिज्मी ज्या नियमावर चालतात तो असा: मुलाचे कर्ज त्याच्या हिश्श्यापेक्षा जास्त असेल तर त्यातली हिश्श्याइतकी रक्कम त्याच्या नावे वळती करायची आणि वरची रक्कम बापाने त्याला दिली असे धरायचे. म्हणजे वाटायची मिळकत १० दिरहम अधिक त्या मुलाचा हिस्सा. पण तो हिस्साच तर काढायचा आहे. इथेच तो पेच पडतो आणि इथेच शय मदतीला येते.

हिश्श्याला शय म्हणा. मिळकत झाली १० अधिक एक शय. एक तृतीयांश परक्या माणसाला गेला. उरलेल्याचे दोन मुलांत दोन सारखे वाटे केले की प्रत्येकाला ३ पूर्णांक एक तृतीयांश दिरहम अधिक शयचा तिसरा भाग येतो. आणि कर्जदार मुलाचा वाटा म्हणजेच ती शय. आता मुकाबला करा. एका बाजूला शय, दुसऱ्या बाजूला ३ पूर्णांक एक तृतीयांश अधिक शयचा तिसरा भाग. दोन्ही बाजूंनी शयचा तिसरा भाग काढून टाका. शयचे दोन तृतीयांश म्हणजे ३ पूर्णांक एक तृतीयांश, म्हणून शय ५ दिरहम. परक्या माणसाला ५ रोख, दुसऱ्या मुलाला ५ रोख, कर्जदार मुलाचे ५ कर्जात वळते. पैही शिल्लक नाही, पैही कमी नाही.

या दोन बाजूंकडे आलेखाच्या नजरेने पाहिले तर त्या दोन सरळ रेषा आहेत. हिस्सा २ धरला तर वाटणीतून येतो ४, म्हणजे धरले त्यापेक्षा जास्त. हिस्सा ८ धरला तर येतो ६, म्हणजे कमी. ५ धरला तरच येतो ५. एक बाजू भराभर वाढते, दुसरी तिच्या एक तृतीयांश वेगाने, आणि दोघींची गाठ एकाच जागी पडते. तीच न्यायाची जागा. तिच्या अलीकडे थांबले तरी कोणाचा तरी हक्क बुडतो आणि पलीकडे गेले तरी बुडतो.

दुसरे एक उदाहरण स्त्रीच्या मिळकतीचे आहे. एक बाई वारली. मागे पती, एक मुलगा आणि तीन मुली. एका परक्या माणसाला तिने मिळकतीचा आठवा आणि सातवा भाग मिळून द्यायला सांगितले आहे. हे दोन भाग मिळून ५६ पैकी १५ होतात. ते एक तृतीयांशाच्या आत आहेत, म्हणून वसीयत योग्य. उरले ५६ पैकी ४१. त्यांचे वारसांसाठी २० वाटे करायचे: ५ पतीचे, ६ मुलाचे, ३-३ तिन्ही मुलींचे. पण ४१ ला २० ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून सगळ्या मिळकतीचे ५६ गुणिले २०, म्हणजे ११२० भाग करा. परक्या माणसाला ३००, पतीला २०५, मुलाला २४६, प्रत्येक मुलीला १२३. बेरीज पुन्हा ११२०. मुलीच्या नावापुढे असा नेमका आकडा पडला की मग साडीचोळीवर किंवा मनाच्या मोठेपणावर तिची बोळवण करायला जागा उरत नाही.

अशी समीकरणे सोडवणारे ख्वारिज्मी हे पहिलेच नव्हते. त्यांच्या कितीतरी शतके आधी बाबिलोनच्या मातीच्या विटांवर असे हिशोब कोरले गेले होते. भारतात ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला, त्यात अज्ञात संख्यांची समीकरणे आहेत. ख्वारिज्मी यांचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. त्यांनी रेषीय आणि वर्गसमीकरणांची सहा प्रकारांत विभागणी केली, प्रत्येक प्रकाराची रीत लिहिली, वर्गसमीकरणांच्या रीती का चालतात ते आकृत्यांनी दाखवले, आणि कोणताही प्रश्न जब्र व मुकाबला करून या सहांपैकी एका प्रकारात आणायला शिकवले. या सहांतला सर्वांत साधा प्रकार रेषीय समीकरणाचा, आणि वारसांच्या वाटणीचे सारे प्रकरण त्या एका साध्या प्रकारावर उभे आहे.

भारताचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले. ब्रह्मगुप्तांच्या परंपरेतील खगोलशास्त्र खलिफा मन्सूर यांच्या काळात बगदादला पोहोचले होते. त्याच्या आधारे ख्वारिज्मी यांनी जो पंचांगग्रंथ रचला त्याचे नावच झीज अल-सिंदहिंद. सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या गतीची कोष्टके त्यात होती. नऊ अंक आणि शून्य घेऊन सगळी गणना करण्याच्या भारतीय पद्धतीवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. याशिवाय सूरत अल-अर्ज हा भूगोलाचा ग्रंथ, त्यात शहरे, पर्वत आणि नद्यांचे अक्षांश-रेखांश. यहुदी कालगणनेवर एक पुस्तिका. अस्तुरलाब हे खगोलयंत्र आणि सावलीचे घड्याळ यांवरही लेखन.

त्यांचे ग्रंथ युरोपात गेले ते स्पेनच्या वाटेने. बाथच्या अॅडलार्ड यांनी ११२६ मध्ये पंचांगग्रंथाचा लॅटिन अनुवाद केला. चेस्टरच्या रॉबर्ट यांनी ११४५ मध्ये सेगोव्हियात बीजगणिताचा केला, आणि टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी त्याचा आणखी एक अनुवाद केला. अल-जब्रचे झाले अल्जिब्रा. भारतीय अंकांवरच्या पुस्तकाच्या लॅटिन अवतारात लेखकाचे नाव अल्गोरिझ्मी असे पडले, आणि त्यातून अल्गोरिदम हा शब्द आला. आज हातातल्या फोनपासून बँकेपर्यंत सगळीकडे जे चालते त्याला ख्वारिज्म या गावकीचे नाव आहे.

पण या अनुवादांत एक गोष्ट वाटेत राहून गेली. लॅटिन अनुवादकांनी समीकरणांचा भाग घेतला आणि वसीयतीचे प्रकरण गाळले. इस्लामी वारसाकायद्याचे त्यांना काय काम? त्यामुळे शतकानुशतके युरोप हे शास्त्र शिकला, पण ते ज्या घरांसाठी लिहिले होते ती घरे त्याला दिसली नाहीत. १८३१ मध्ये फ्रेडरिक रोझेन या संस्कृतच्याही अभ्यासकाने ऑक्सफर्डमधील १३४२ सालच्या हस्तलिखितावरून मूळ अरबी ग्रंथ इंग्रजी अनुवादासह लंडनमध्ये छापला, तेव्हा ती विधवा, ते मुलगे, त्या तीन मुली पुन्हा पुढे आल्या.

पूर्वेकडे मात्र काम थांबले नव्हते. इजिप्तचे अबू कामिल ख्वारिज्मी यांना या विद्येत अग्रमान देत आणि त्यांच्याच वाटेने पुढे गेले. पक्ष्यांवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी एकाच वेळी अनेक अज्ञात असलेल्या रेषीय समीकरणांचे प्रश्न घेतले. १०० दिरहमांत १०० पक्षी आणायचे; बदक ५ दिरहमांना एक, चिमण्या दिरहमाला २०, कोंबडी १ दिरहमाला एक. तिन्ही प्रकारचे पक्षी हवेत. उत्तर एकच निघते: १९ बदके, ८० चिमण्या, १ कोंबडी. याच प्रकारच्या दुसऱ्या एका प्रश्नाची त्यांनी अडीच हजारांहून जास्त उत्तरे मोजली.

ख्वारिज्मी मामून यांच्यानंतरही बगदादमध्ये होते. इतिहासकार तबरी यांनी त्यांच्याबद्दल एक प्रसंग नोंदवला आहे. इ.स. ८४७ मध्ये खलिफा वासिक आजारी पडले, तेव्हा बोलावलेल्या ज्योतिषांत ख्वारिज्मी यांचेही नाव आहे. कुंडली पाहून या मंडळींनी खलिफांना आणखी ५० वर्षांचे आयुष्य सांगितले. वासिक १० दिवसांत गेले. आकड्यांच्या एवढ्या मोठ्या जाणकारालाही आयुष्याची वाटणी मोजता आली नाही. ती अल्लाहच्या हाती. ख्वारिज्मी स्वतः ८५० च्या सुमारास गेले असे मानतात.

त्यांच्या मागे किती मुले होती, घर कोणाला मिळाले, वसीयत काय होती, याची ओळही इतिहासात नाही. त्यांची खरी मिरास वेगळीच होती आणि ती सगळ्यांत वाटली गेली. १९८३ मध्ये त्यांच्या जन्माला १२०० वर्षे झाली म्हणून सोव्हिएत संघाने टपाल तिकीट काढले. पण त्यांचे नाव कधीही न ऐकलेली मुलेही बीजगणिताच्या पेपरात त्यांचीच रीत वापरतात. उणे पद पलीकडे नेले की अधिक होते, दोन्ही बाजूंचे सारखे काढून टाकता येते, हे ती पाठ करतात. ज्या एक्ससाठी ती धडपडतात, त्या जागी बगदादच्या त्या पुस्तकात कोणाचा तरी हक्काचा हिस्सा होता. वाटणीचा विषय घरात निघालाच, तर दहावीतल्या त्याच मुलीला कागद-पेन्सिल घेऊन जवळ बसवावे. हिशोब तिला येतो, आणि त्यात एक हिस्सा तिचाही आहे.